शमे, मी विचारलं

इंदूर, मंगळवार रात्र

प्रिय शमे,

दिवाळीपासून तुझे तीन फोन आले, मी एकही परत केला नाही. रागावली असशील, रागव. गुडघे आहेत तसेच, यांचं बीपी गोळीवर ठीक. ते सोड. निनूबद्दल लिहायचंय. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे फोनवर बोलता येईना.

नीटसाठी त्याचं हे दुसरं ड्रॉप वर्ष, तुला ठाऊक आहेच. सकाळी आठला भंवरकुआंच्या लायब्ररीत, रात्री नऊला घरी. डबा रोज चाटूनपुसून रिकामा, म्हणून मी खूश. गेल्या महिन्यात तिथला चौकीदार भेटला. म्हणाला, "भाभीजी, आपका बेटा बड़ा दयालु है, रोज पूरा टिफिन कुत्तों को खिला देता है." कौतुकानं सांगत होता गं. रिक्षात बसल्यावर माझे हात थरथरायला लागले. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, लोणच्याची फोड. सगळं कुत्री खात होती आणि मी रोज डबा घासत होते.

मग एकेक आठवायला लागलं. पहाटे तीनला त्याच्या खोलीत दिवा. सराफ्यात गराडू खायला चल म्हटलं की "तुम्ही जा." आणि त्यानं गिटार चुलतभावाला देऊन टाकली. गिटार, शमे! मला तुमच्या माडीवरचा कॅरम आठवला. बाळूदादानं तो आपल्याला असाच देऊन टाकला होता, आणि आपल्याला केवढा आनंद झाला होता! स्ट्रायकर कुणाचा यावरून आठ दिवस अबोला. तो तुझाच होता, आज कबूल करते.

दुसरं भांडण मात्र त्याहून मोठं. बाळूदादाच्या बाराव्याच्या दिवशी गच्चीवर तू म्हणालीस, "एकदा कुणीतरी त्याला सरळ विचारायला हवं होतं." मी तुला गप्प केलं, असलं अभद्र बोलू नये म्हणून. तू नंतर तो विषय माझ्यापाशी कधीच काढला नाहीस. तीस वर्षं ते माझ्या मनात आहे.

म्हणून त्या रात्री मी त्याच्या पलंगावर जाऊन बसले आणि विचारलं, "निनू, जीव नकोसा झालाय का रे? मरून जावंसं वाटतं?" तो हायलायटरचं टोपण काढत होता, लावत होता, परत काढत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?" आणि रडला. दुसरीत असताना रडायचा ना, तसा, हुंदके देत.

रात्री दीडला १४४१६ लावला. टेली-मानस म्हणतात त्याला. सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला, दिवसरात्र चालतो, फुकट. पलीकडच्या मुलीनं घाई केली नाही, आधी माझं ऐकलं, मग त्याच्याशी बोलली. आज रात्री त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा आणि उद्याच डॉक्टर गाठा, म्हणाली. मी त्याच्या खोलीत सतरंजी टाकून झोपले. झोपले कसली!

डॉक्टरीणबाईंना मी दोनदा विचारलं, माझ्या विचारण्यानं तर त्याच्या डोक्यात काही भरलं नसेल ना? त्या म्हणाल्या, विचारल्यानं विचार येत नाही, असलेला बाहेर पडतो. शमे, तू तेव्हाच बरोबर होतीस. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. या वयात सुरुवातीला लक्ष जास्तच ठेवायचं आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

हे आधी उपचारांना तयारच नव्हते. लोकांना कळेल, पोलिसांची भानगड होईल. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की निनूनं काही केलेलंच नाही, आणि कुणी प्रयत्न केला तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरतात. त्याला शिक्षा नाही, उलट उपचार द्यायची जबाबदारी सरकारची. ऐकताना मला तुमचे अप्पा दिसत होते. बाळूदादाच्या पहिल्या वेळी पोलिसांच्या भीतीनं त्यांनी दार लावून घेतलं, डॉक्टरसुद्धा आणला नाही. मी त्यांना दोष देत नाही, तूही देऊ नकोस.

आणि काय गं ही परीक्षा! वीस लाखांवर पोरं बसतात, एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. उरलेली पोरं काय टाकाऊ? माझ्या जाऊबाई सांगतात, त्याचं मन कुठंतरी रमव, सुखाची दुखणी आहेत. मी त्यांच्याशी सध्या बोलत नाही.

परवा रविवारी निनू आपणहून पोहे घेऊन आला. खाताना कुरकुरला, "आज बडीशेप फार टाकलीय." त्याच्या तोंडून कुरकुर ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी उठून ओट्यापाशी गेले. डोळे पुसायचे होते.

सायलीला कितवा लागला? मंगळसूत्राचं पॉलिश झालं का? पुण्याची थंडी सोसते ना? सविस्तर लिही.

मेमध्ये येशील तेव्हा निनूपाशी बस. बाळूदादाचं मी त्याला काही सांगितलेलं नाही. तो तुझा भाऊ. सांगायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
मंगल