फोन माझ्याच हातात ठेवलास, त्याबद्दल

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

घरच्या माणसाचे कसले आभार, असं म्हणून तू विषय बदलशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय.

माझ्या क्रोशाच्या पिशव्या इन्स्टाग्रामवर टाकायच्या म्हटल्यावर बाकीचे एकतर "आण इकडे, पटकन करून देतो" म्हणायचे, नाहीतर "कशाला या भानगडीत पडतेस?" तू यातलं काहीच केलं नाहीस. शेजारी बसलीस आणि फोनला हात लावला नाहीस. कुठे अडले की म्हणायचीस, "मावशी, वाच ना काय लिहिलंय ते." राग यायचा गं! पण आज पासवर्ड माझा, लॉगिनचा कोड माझ्याच फोनवर येतो आणि पोस्ट टाकायला कुणाची वाट बघावी लागत नाही.

तयार पिशवीचा फोटो काढायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू विचारलंस, "बूड कसं सुरू करतेस?" मी दाखवायला बसले, तर तू मला फोन स्टँडवर लावायला सांगितलंस. खिडकी बाजूला, फ्लॅश बंद, चौकट उभी, ९:१६ ची. साखळीचा वेढा, त्यात मुके खांब (हे क्रोशाचे बुटके टाके), मग दर फेरीला ठरावीक टाके वाढवत गोल सपाट ठेवायचा. टाके कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते, असं मी आपली नेहमीसारखी बडबडत होते. तीच बडबड तू रीलमध्ये ठेवायला लावलीस आणि सुरुवातीचं "नमस्कार मैत्रिणींनो" मात्र कापायला लावलंस. पहिल्याच क्षणी सुई दोरा ओढताना दिसली पाहिजे म्हणे. चेहरा नको होता मला, तर नुसते हात चालतील म्हणालीस. किती सुटल्यासारखं वाटलं!

लाइक मोजू नकोस, सेव्ह आणि शेअर बघ, हेही तुझंच. इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्रामच्या आकडेवारीत, फॉलो न करणाऱ्या किती जणांपर्यंत रील पोचलं ते कळतं, आणि मला तर तेच बघायचं असतं. ओळखीचे काय, कौतुक करणारच. बिझनेस खात्याला सगळी गाणी वापरता येत नाहीत, हे कळल्यावर मी हिरमुसले होते. आता सुईचा नि माझा आवाजच बरा वाटतो. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून धुण्याची पद्धत आणि मापं हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर कायम दिसणाऱ्या स्टोरींत, ठेवायला सांगितलंस. रोज तेच ते सांगणं वाचलं.

व्हॉट्सॲप बिझनेसचं तर काय सांगू! "धुता येते का?", "किती वजन पेलते?", "हाच रंग मिळेल का?" तिरकी रेघ टाकली की ठरवून ठेवलेली उत्तरं समोर येतात. 'पैसे यायचे' आणि 'पाठवायचं' अशी लेबलं केली आहेत. हिशेबाची वही तरीही ठेवतेच, त्यावर आपलं एकमत होणार नाही.

तुझ्या दोन अटी मात्र मी मनापासून पाळते. किंमत उघड लिहायची, "इनबॉक्समध्ये विचारा" नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या विणकामाचा फोटो उचलून "असं बनवून मिळेल" म्हणून टाकायचा नाही. पहिल्या अटीवर मी वाद घातला होता, कारण किंमत बघून लोक पळतील अशी भीती होती. काही पळतातही. पण जे विचारायला येतात ते घासाघीस करत नाहीत, आणि मला विणायला वेळ उरतो.

बरं, एक काम राहिलंय. प्रत्येक पोस्टखाली ते 'बूस्ट'चं, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, बटण मला खुणावत असतं. "आधी कुठलं रील आपोआप चालतं ते कळू दे, मग पैसे घाल," म्हणाली होतीस. आता पिशवीच्या बुडाचं रील चाललंय. दाबू का? रविवारी ये, पण बटण मीच दाबणार.

तुझी,
मावशी