चाचणी अहवाल एका मालाचा, पुरवठा दुसऱ्याच मालाचा: थर्माकोल तक्त्यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग

महोदय,

गच्चीच्या उष्णतारोधनासाठी मी आपल्याकडून १०० मिमी जाडीचे थर्माकोलचे तक्ते घेतले. बिलावर घनता घनमीटरला २० किलो अशी लिहिली आहे. माल उतरवताना गवंड्याने एक तक्ता उचलून पाहिला आणि म्हणाला, "हा पॅकिंगचा वाटतोय." तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. संध्याकाळी मात्र वजनकाटा काढला.

तक्ता १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, म्हणजे ०.०५ घनमीटर. त्याचे वजन १ किलो भरायला हवे. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले १२ तक्ते तोलले. सर्वांत जड भरला ७७५ ग्रॅम, सर्वांत हलका ७२०. घनता १५ च्या आसपास. (मापे टेपने तपासली, ती बरोबर आहेत.)

आपल्या प्रतिनिधींचे उत्तर असे की, "आतला वायू उडून गेला की वजन उतरतेच." कच्च्या दाण्यांत पेंटेन (दाणे फुगवणारा वायू) असतो पाच-सहा टक्क्यांच्या घरात, आणि त्यातला बराचसा दाणे फुगवताना व ठोकळा मुरताना निघून जातो. इथे घट एक किलोमागे पाव किलोची आहे.

नंतर आपण प्रयोगशाळेचा अहवाल पाठवलात. दाब-क्षमता (तक्ता किती दाब सोसतो ते) १०० किलोपास्कलच्या वर, सगळे उत्तम. पण तपासलेला नमुना ५० मिमी जाडीचा आहे, त्यावर बॅच क्रमांक नाही आणि चाचणीची तारीख माझ्या गठ्ठ्यांवरील उत्पादन तारखेच्या आधीची आहे. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले आहे: नमुना ग्राहकाने आणून दिला, निष्कर्ष फक्त त्याच नमुन्याला लागू. तो 'ग्राहक' म्हणजे आपण. प्रयोगशाळेने प्रामाणिकपणे सांगितलेली गोष्ट आपण मला सांगितली नाहीत, एवढेच.

दाब-क्षमतेचा हा आकडा तक्ता १० टक्के दबेपर्यंतचा असतो. माझा तक्ता १० मिमी दबला तर वरचा कोबा तडकणारच, त्यामुळे प्रत्यक्षातला भार त्या आकड्याच्या बराच खाली ठेवावा लागतो. मुळात क्षमताच कमी असेल तर ती सवड कुठून आणायची? शिवाय १५ ते २० च्या या पट्ट्यात घनता उतरली की उष्णताही जास्त झिरपते. एक तक्ता मोडून पाहिला, तर दाणे मधून तुटण्याऐवजी अख्खे सुटून आले. दाणे एकमेकांना नीट चिकटलेले नाहीत, हे पाहायला यंत्र लागत नाही.

माझी मागणी अशी. माझ्या ढिगातून, दोघांसमोर, कोणतेही तक्ते निवडावेत. त्यांवर दोघांच्या सह्या होऊन ते सीलबंद व्हावेत आणि मान्यताप्राप्त त्रयस्थ प्रयोगशाळेत जावेत. तिथे नमुने २३ अंश सेल्सिअस व ५० टक्के आर्द्रतेत ठेवून मग घनता, १० टक्क्यांवरील दाब-क्षमता आणि उष्णतावाहकता मोजावी. माल बिलाप्रमाणे निघाला तर खर्च माझा. नाही निघाला तर खर्च आपला, आणि सगळा माल स्वखर्चाने परत न्यावा.

तोवर काम थांबवले आहे. उन्हाने पिवळे पडू नयेत म्हणून तक्ते ताडपत्रीखाली झाकून ठेवले आहेत. एकही वापरलेला नाही. नमुने घ्यायला कधी येता, ते १५ दिवसांत लेखी कळवावे. फोन नको.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, १२ तक्त्यांच्या वजनांची नोंद व छायाचित्रे, आपण पाठवलेला अहवाल