आई-बाबांना पत्र, ओवीच्या डोळ्यांबद्दल

ती. आई आणि बाबांना सा. न.

काल फोनवर ओवी शेजारीच बसली होती म्हणून मी फार बोलले नाही. तिच्यासमोर तिच्या डोळ्यांची चर्चा नको वाटते, आधीच शाळेत खूप ऐकून झालंय तिचं. म्हणून सविस्तर लिहितेय. दिवाळीच्या सुट्टीत ती तुमच्याकडे कराडला येईल तेव्हा तिचे व्यायाम तुम्हालाच करून घ्यायचे आहेत, आणि ते कशासाठी हे पटल्याशिवाय बाबा काही करणार नाहीत हे मला माहितीये, म्हणून पत्र लांबणार आहे. चहा घेऊनच बसा.

बाबांचा मुद्दा असा की शाळेत डोळे तपासले, चष्म्याच्या दुकानात तपासले, दोन्हीकडे 6/6, म्हणजे नजर पूर्ण आली, मग आजार कसला. बरोबर आहे, 6/6 आहेच. पण बाबा, 6/6 ज्यावरून ठरतं तो अक्षरांचा तक्ता काय मोजतो ते बघा. स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी 1862 साली तो काढला, आणि त्यात एक डोळा झाकून दुसऱ्याने, 6 मीटरवरची, ठळक काळी, जागच्या जागी असलेली अक्षरं वाचायची असतात. लांबचं स्पष्ट दिसतं का एवढंच त्यातून कळतं. बालभारतीचं पुस्तक वाचताना काय होतं? पुस्तक हातभर अंतरावर, दोन्ही डोळे एकाच वेळी त्याच अक्षरावर लागले पाहिजेत, दोन्हींचा फोकस जवळचा झाला पाहिजे, मग दोघांनी मिळून ओळीवरून सरकायचं, ओळ संपली की नेमकं पुढच्या ओळीच्या सुरुवातीला यायचं, आणि हे अर्धा अर्धा तास चालू ठेवायचं. यातलं काहीच तक्त्यावर तपासलं जात नाही. शाळेतली तपासणी वाईट असं मी म्हणत नाहीये हं, 2013 पासून सरकारी पथकं शाळाशाळांतून येतात त्यात डोळेही बघतात, किती मुलांना त्यामुळे चष्मे मिळाले असतील, ती हवीच. पण 6/6 आलं म्हणजे डोळ्यांचा काही प्रश्नच नाही असं जे सगळे धरून चालतात ते चूक आहे.

ओवीला जे आहे त्याला कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी म्हणतात. जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाच्या बाजूला आत वळावे लागतात, तिचे डोळे तेवढे वळत नाहीत, आणि वळले तरी फार वेळ टिकत नाहीत. स्नायू दुबळे आहेत असं नाही, त्यांचा मेळ बसत नाही. बैलजोडीतला एक बैल थोडा बाहेर ओढायला लागला की दुसऱ्यावर आणि औत धरणाऱ्यावर किती ताण येतो ते बाबा तुम्ही लहानपणी शेतावर बघितलंय, तसं. मेंदू सगळा वेळ त्या डोळ्यांना ओढून आणत बसतो, आणि दमला की दोन प्रतिमा दिसायला लागतात नाहीतर तो एका डोळ्याचं चित्र चक्क बंद करून टाकतो.

तपासणीच्या वेळी मी तिच्या समोरच बसले होते. तपासणाऱ्या मॅडमनी एका पट्टीवरचं बारीक अक्षर हळूहळू तिच्या नाकाकडे आणलं आणि म्हणाल्या, दोन दिसले की सांग. साधारणपणे मुलांना ते 6 सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही जवळ एकच दिसायला हवं. ओवी वीतभर अंतरावरच म्हणाली, दोन झाले. आणि त्याच क्षणी मला तिचा डावा डोळा हळूच बाहेर सरकताना दिसला. एरवी बघाल तर डोळे सरळ आहेत, फोटोत सरळ, बोलताना सरळ, म्हणून कुणाच्या कधी लक्षातच आलं नाही. मग एक खास चष्मा घालून माशीचं चित्र दाखवलं, त्यात माशीचे पंख कागदाच्या वर आल्यासारखे दिसतात, ही पोरगी ते चिमटीत धरायला गेली! म्हणजे दोन्ही डोळे मिळून खोली कळते, ते शाबूत आहे, मॅडम म्हणाल्या चांगलं लक्षण आहे.

त्याआधी नेत्रतज्ञांकडे ड्रॉप्स घालून, बाहुली मोठी करून नीट तपासणी झालेली होती. हे आधी करावंच लागतं, कारण लहान मुलं डोळ्यांवर जोर देऊन प्लस नंबर लपवू शकतात आणि साध्या तपासणीत तो सापडत नाही. ओवीला नंबर निघाला नाही, पडदा, नस सगळं ठीक आहे. आई, तू विचारलंस ना मावशीच्या नातवासारखी पट्टी लावणार का, तर नाही. त्याला आळशी डोळा होता, एका डोळ्याची नजरच कमी होती, म्हणून चांगला डोळा झाकून त्याला कामाला लावायचं. ओवीचे दोन्ही डोळे एकेकटे उत्तम आहेत, एकत्र काम करताना अडतात. आणि गाजर, बदाम, तूप सगळं घाल तू तिला, आवडीने खाईल, पण याला त्याचा उपयोग नाही. मीठ-मोहरी ओवाळायची असेल तर तीही ओवाळ, माझी ना नाही, फक्त ओवाळताना तिच्यासमोर "पोरीचं अभ्यासातलं लक्ष उडालंय" असं म्हणू नकोस.

कारण लक्ष उडालेलं नाहीये तिचं. मला ह्याचंच सगळ्यात वाईट वाटतं. गेल्या वर्षापासून वहीवर शेरे येतायत, "धांदरटपणा कमी करा", "ओळी गाळते", "उताऱ्यात चुका". ती वाचायला बसली की पहिली पाच-सात मिनिटं छान वाचते, मग कोपर टेबलावर टेकतं, तळहात गालावरून वर सरकतो आणि डावा डोळा बरोबर झाकला जातो. सगळ्यांना वाटायचं कंटाळून बसली. अहो, ती एक डोळा झाकून दोनाचं एक करत होती, तिचं तिने शोधलेलं औषध होतं ते! संध्याकाळी भुवयांच्या वर दुखतं म्हणायची, शनिवार-रविवारी दुखायचं नाही, मग अर्थात सगळे म्हणणार अभ्यास टाळायला नाटक करते. मॅडमनी तिला विचारलं अक्षरं कधी हलतात का गं, तर ती म्हणाली हो, सगळ्यांचीच हलतात ना? चौथीतली मुलगी, तिने आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी पुस्तक बघितलेलंच नाही, तिला कसं कळणार की ही तक्रार करायची गोष्ट आहे. मुलं म्हणूनच सांगत नाहीत. विचारावं लागतं.

आणि विचारायची एक पद्धतही आहे, 15 प्रश्नांची यादी असते, वाचताना डोळे दमतात का, डोकं दुखतं का, दोन-दोन दिसतं का, अक्षरं हलल्यासारखी वाटतात का, तीच ओळ परत वाचावी लागते का, असे. प्रत्येकाला शून्य ते 4 गुण, मुलांमध्ये बेरीज 16 किंवा जास्त आली की पुढे तपासायचं. नुसत्या यादीवरून निदान करत नाहीत, पण शंका येण्यापुरती ती खूप आहे. ओवीची बेरीज 16 च्या पुष्कळ वर गेली. बाबा, तुम्ही इतकी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंत, तोंडी विचारलं की फटाफट उत्तरं देणारी आणि वाचायला उभं केलं की अडखळणारी, मान तिरकी करून लिहिणारी, ओळीखालचं बोट न सोडणारी मुलं तुम्ही किती बघितली असतील. सगळ्यांनाच हे असतं असं नाही, पण दुर्मिळही नाही. तामिळनाडूत शंकर नेत्रालयाच्या लोकांनी शहरातल्या आणि खेड्यातल्या शाळांमधली मुलं तपासली तेव्हा जवळपास 30 टक्के मुलांमध्ये दोन डोळ्यांच्या मेळाचा किंवा फोकसचा काही ना काही दोष निघाला, आणि त्यात सगळ्यात जास्त हाच, ओवीला आहे तो. खेड्यातही तेवढाच, म्हणजे आई, सगळं मोबाईलवर ढकलता येत नाही. मोबाईल कमी करायचाच आहे, तो वेगळा विषय.

आता उपचार. ऑपरेशन नाही, औषध नाही, व्यायाम आहेत, आणि हे कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेले व्यायाम नव्हेत. अमेरिकेत यावर मोठी चाचणी झाली, 2008 साली छापून आली, 9 ते 17 वयाची 221 मुलं, चार गट करून 12 आठवडे. ज्यांनी दर आठवड्याला क्लिनिकमध्ये जाऊन आणि शिवाय घरी रोज थोडा वेळ असे व्यायाम केले त्यांच्यातली साधारण 73 टक्के मुलं बरी झाली किंवा चांगली सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणणाऱ्यांत 43 टक्के, आणि मुद्दाम निरुपयोगी व्यायाम दिलेल्या गटात 35 टक्के. म्हणून आम्ही दर शनिवारी क्लिनिकला जातोय, नुसतं घरी करत नाहीये. बाबा, तुम्ही त्राटक सुचवलंत, पण त्यात एका जागी टक लावायची असते, हिला डोळे आत वळवायचे, सोडायचे, परत वळवायचे हे शिकायचंय, ते टक लावून होत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी निराश व्हायला नको. याने ती वर्गात पहिली येणार नाही. 2019 मध्ये त्याच लोकांची पुढची चाचणी आली, तिच्यात व्यायामांनी डोळे सुधारले पण वाचलेलं समजण्यातली प्रगती खोटे व्यायाम करणाऱ्या मुलांपेक्षा जास्त झाली नाही. डिस्लेक्सिया तर पूर्ण वेगळा, तो डोळ्यांचा दोषच नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ञांच्या आणि नेत्रतज्ञांच्या संघटनांनी 2009 साली मिळून हे स्पष्ट सांगितलंय. तरी डोळ्यांच्या व्यायामाने अभ्यास, एकाग्रता, स्मरणशक्ती सगळं सुधारून देतो म्हणणारे आहेत, आम्हाला अशा एका ठिकाणी तपासायच्या आधीच वर्षभराचं पॅकेज सांगितलं, आम्ही उठून आलो. ओळखीत कुणी विचारलं तर हेच सांगा, आधी नेत्रतज्ञ, मग दोन डोळ्यांचं काम तपासणारे ऑर्थोप्टिस्ट किंवा ऑप्टोमेट्रिस्ट, आणि किती आठवड्यांनी परत मोजणार ते आधी विचारायचं. मुलाला अचानक दोन-दोन दिसायला लागलं, डोळा एकदम तिरळा झाला किंवा फोटोत बाहुली पांढरी दिसली तर व्यायाम वगैरे काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर. ओवीचं डोकं दुखायचं थांबावं आणि तिला गोष्टीचं पुस्तक हातात घ्यावंसं वाटावं, मला एवढंच हवंय.

आता तुमचं काम. तिच्या पिशवीत एक लांब पांढरी दोरी आहे, तीन रंगीत मण्यांची. एक टोक ओटीवरच्या खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं ओवीने नाकाच्या शेंड्याला धरायचं, दोरी ताठ. मग बाबांनी रंग सांगायचा, ती त्या मण्याकडे बघेल. नीट जमलं तर तिला मणी एक पण दोऱ्या दोन दिसतात, आणि त्या बरोबर मण्यावर एकमेकींना छेदतात, फुली मारल्यासारख्या. तिला विचारा फुली कुठे आहे. मण्याच्या पलीकडे म्हणाली तर डोळे अजून आत यायला हवेत. एकच दोरी दिसते म्हणाली तर एक डोळा बंद पडलाय, तेव्हा पापण्या मिटून-उघडून परत बघायला सांगायचं, रागवायचं नाही. लाल मणी सगळ्यात जवळ असतो, तिथे तिला सगळ्यात जड जातं, तो जमला की दर वेळी एक बोट जवळ सरकवायचा. आई, तूही एकदा करून बघ, दोन दोऱ्या दिसायला लागल्या की गंमत वाटते.

दुसरं ते दोन बाजूंच्या भिंगांचं, फ्लिपर म्हणतात त्याला, एका बाजूने धरून एक शब्द वाचायचा, स्पष्ट झाला की उलटवून पुढचा शब्द. ते तिला येतं, तुम्ही फक्त ती स्पष्ट दिसायच्या आधी घाईने उलटवत नाही ना तेवढं बघा, कारण ती तसं करते. सगळं मिळून पंधरा मिनिटं, सकाळी नाश्त्यानंतर, रात्री दमल्यावर नको. डोळ्यांना ताण जाणवेल, तो यायचाच, डोकं दुखायला लागलं तर मात्र थांबायचं आणि वहीत लिहून ठेवायचं.

वाचताना ओळीखाली बोट ठेवलं तर ठेवू दे बाबा, तुम्हाला ती सवय आवडत नाही पण सध्या असू दे. दहा मिनिटं वाचलं की खिडकीतून लांबचं बघून घ्यायचं. आणि दुपारी तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवा, तिला गोष्टी ऐकायच्या असतात, दहा दहा वेळा ऐकते. बाकीचा वेळ तिला अंगणात सोडा, किल्ला करू दे, मातीत हात घालू दे.

अमित शनिवारी दुपारच्या गाडीने तिला घेऊन येईल. डॉक्टरांचा कागद पिशवीच्या पुढच्या कप्प्यात आहे, प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय, त्यावर व्यायाम क्रमाने लिहिलेत. काही अडलं तर व्हिडिओ कॉल करा, मी ऑफिसमध्ये असले तरी उचलेन. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर तेही याच फेरीत पाठवते, कळव.

तुमची,
मनू