पप्पांचा मोतीबिंदू आणि प्रभूचं येणं

प्रिय आई आणि पप्पा,

सलाम.

फोनवर हा विषय काढला की पप्पा चिडतात, आई मधेच जेवलीस का विचारते आणि तिथंच सगळं संपतं, म्हणून लिहितेय. पप्पांना वाचायला जमणार नाही, तेव्हा आई तूच मोठ्याने वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा कॅन्सल केली हे दादाकडून कळलं. कारण काय तर प्रभू येशू आता परत येणारच आहे, नवं शरीर मिळणार आहे, मग या जुन्या डोळ्यात पैसे कशाला घालायचे. पप्पा, आधी मला हसूच आलं आणि मग रात्रभर झोप लागली नाही. मी रोज वॉर्डात बघते, मोतीबिंदू जास्त पिकला की डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं आणि मग काचबिंदू होऊन जी नजर जाते ती परत येत नाही. आत्ता केलं तर वीस मिनिटांचं काम आहे.

मी थट्टा करत नाहीये. तो येणार हे मीही मानते, दर रविवारी चर्चमध्ये विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणताना जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. नाइट ड्यूटीला एखादं माणूस हातात हात असताना जातं ना, तेव्हा तेवढ्या एका वाक्यावर मी उभी असते. पण पप्पा, मोबाइलवरचे ते व्हिडिओ वेगळे. २०२५ च्या २३-२४ सप्टेंबरला प्रभू येऊन विश्वासणाऱ्यांना वर स्वर्गात उचलून नेणार असं साउथ आफ्रिकेतल्या एका माणसाने सांगितलं, तुम्ही ते अख्ख्या मंडळीच्या ग्रुपवर टाकलं आणि त्या रात्री दाराला कडी न लावता झोपलात. प्रभू चोरासारखा येईल असं लिहिलंय म्हणून खऱ्या चोरालाही दार उघडं ठेवायचं का? २५ तारीख उजाडली, दूधवाला आला, आणि त्याबद्दल आपल्या घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. मला ते गप्प राहणं जास्त लागलं.

हे काही नवीन नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकातले दिवस मोजून मोजून त्याच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. कित्येकांनी शेतातलं पीकच काढलं नाही, काढून करायचं काय म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पीक तिथंच आणि माणसंही तिथंच. त्याच्याही कितीतरी आधी, पहिल्या मंडळ्यांच्या काळात, थेस्सलनीका शहरात तेच, प्रभूचा दिवस आलाच आहे असं कुणीतरी उठवलं, आणि त्याच मंडळीत काही जण कामधंदा सोडून इकडे तिकडे लुडबुड करत फिरायला लागले, तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना दुसऱ्या पत्रात सरळ लिहिलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. तुम्हीच संडे स्कूलला शिकवायचात हे. आणि मार्क १३:३२ तुम्हीच पाठ करून घेतलं होतं माझ्याकडून, त्या घटकेचं पुत्रालाही ठाऊक नाही, मग यूट्यूबवाल्याला कुठून ठाऊक पप्पा?

आता आई तुझं. तू रात्री उठून पप्पांचा श्वास चालू आहे का बघतेस, आणि घर जरा शांत वाटलं की तुझ्या पोटात गोळा येतो की सगळे गेले आणि मी एकटी मागे राहिले. मला माहितीये कारण मलाही हे झालंय. चौथीत असताना शाळेतून आले तर दार उघडं, घरात कुणी नाही, दूध गॅसवर उतू जाऊन करपलेलं. मी दप्तर टाकून रडत रस्त्यावर पळाले आणि समोरून चर्चचे पाळकसाहेब सायकलवरून येताना दिसले, तेव्हा कुठे जीवात जीव आला, की हे अजून इथंच आहेत म्हणजे झालेलं नाही! (नंतर विचार केला तर त्यांच्यासाठी हे फार बरं नव्हतं.) तू रेशनच्या दुकानात रॉकेलच्या लायनीत होतीस. शेजारच्या ताईंना दुधाकडे बघायला सांगून गेली होतीस आणि त्या विसरल्या.

पण आई, उचलले जाण्याची ती ओळ पौलाने घाबरवायला लिहिलेलीच नाही गं. थेस्सलनीकातल्या त्या लोकांची माणसं वारली होती आणि त्यांना वाटत होतं की प्रभू आल्यावर मेलेल्यांचं काय, ती राहून जाणार का. त्याने लिहिलं की नाही, उलट तीच आधी उठतील, आणि शेवटी म्हटलं की या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. सांत्वन. मामाला माती दिल्यापासून तू ज्यासाठी रडतेस ना, त्याच्यासाठीच ते पत्र आहे.

आजीची पत्र्याची ट्रंक आठवते का दोघांना? वर डांबरगोळ्या, खाली स्वतःच्या मयतासाठी ठेवलेली पांढरी साडी, उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातले तीन नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि रुमालात बांधलेले शवपेटीचे पैसे. दर उन्हाळ्यात साडी अंगणात टाकून ऊन दाखवायची, आणि आम्ही पोरं घाबरून लांब उभे. त्याच दिवशी संध्याकाळी वाण्याकडे जाऊन वही उघडायला लावायची, माझ्या नावावर काही आहे का बघ म्हणून. एकदा सात रुपये निघाले तर परत घरी येऊन घेऊन गेली, नगरच्या त्या उन्हात. म्हणायची पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचा. मी आत्ता वाचला. कुणाच्या ऋणात राहू नका हे आठवं वचन, आणि लगेच अकरा-बाराला, रात्र सरत आली आहे. एवढं जवळजवळ आहे ते, मला कधी दिसलंच नव्हतं.

म्हणून पप्पा, आता रागावू नका. काकांशी तुम्ही सहा वर्षं बोलला नाहीत. वाटणीत कोण चुकलं त्यात मला पडायचंच नाही, मला वाटतं थोडे तेही चुकले. पण प्रभू आज रात्री आला तर तुमच्या नावावर वहीत काय निघेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. ग्रुपवर रोज दोन व्हिडिओ जातात, त्याच फोनवरून एक कॉल जात नाही.

मी १२ तारखेला येतेय, चार दिवस सुट्टी टाकलीये. १४ ची तारीख मी स्वतः घेतलीये, ती कॅन्सल करायची नाही. आधी शुगर तपासायची आहे, त्यामुळे आई, १३ ला लाडू नको. ऑपरेशननंतर दिवसातून चार-पाच वेळा डोळ्यात ड्रॉप घालायला माणूस लागेल आणि माझी सुट्टी तर १६ ला संपते. काका रिटायर झालेत, दोन गल्ल्या सोडून राहतात आणि त्यांचा हात थरथरत नाही. नंबर बदललेला नाही त्यांचा, मी बघितलं.

तुमची,
बेबी

ता.क. आई, कडी लावून झोपा.