दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी तिथे असेन

क्लेरमाँ-फेराँ, फ्रान्स, ८ जानेवारी

ती. बाबा आणि आई,

सा. न. वि. वि.

आधी मुद्द्याचं लिहिते, म्हणजे शेवटापर्यंत आईच्या पोटात गोळा राहणार नाही. मी जानेवारीच्या शेवटी येत नाही. तिकीट बदलून घेतलंय. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येते आणि चांगली महिनाभर राहते. बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरल्या तारखेलाच होऊ दे, माझ्यासाठी पुढे ढकलू नका. मार्चमध्ये डावा डोळा करतील तेव्हा मी तिथे असेन. फोनवर हे सांगायला घेतलं की आई "बरं बरं, तुझं काम बघ" म्हणते आणि काय जेवलीस ते विचारते, मग मला पुढे बोलवत नाही. म्हणून पत्र.

कारण ऑफिसचं नाही. ऑफिसने सुट्टी दिली होती. कारण इथला लघुपट महोत्सव आहे, तो नेमका त्याच दिवसांत येतो आणि त्याच्या कामात मी नाव दिलंय. बाबा, चष्मा काढून बाजूला ठेवू नका, पुढचं वाचा.

हे गाव मिशेलिन टायरवाल्यांचं, एवढंच तुम्हाला माहीत आहे. लोकवस्ती दीड लाखाच्या आत, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाडच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नाही. पण विद्यापीठ आहे, आणि १९७९ साली त्या विद्यापीठाच्या फिल्म क्लबातल्या मुलांनी एक आठवडाभर नुसते लघुपट दाखवले. तेव्हा थिएटरातून लघुपट जवळजवळ गेलेच होते. करणारे करत होते, पण त्यांना पडदा मिळत नव्हता. या मंडळींनी १९८१ साली रीतसर संस्था काढली, १९८२ ला स्पर्धा सुरू केली. १९८६ पासून लघुपटांचा बाजारही भरतो, तिथे टीव्हीवाले, वितरक येऊन चित्रपट विकत घेतात. १९८८ पासून परदेशातल्या चित्रपटांचीही स्पर्धा असते. आज नऊ दिवसांत दीड लाखाच्या वर प्रेक्षकांची हजेरी लागते, म्हणजे गावच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. फ्रान्समध्ये कान (Cannes) चित्रपट महोत्सवाच्या खालोखाल मोठा महोत्सव हा, आणि लघुपटांचा तर जगात सगळ्यात मोठा. सुरू करणाऱ्यांकडे तेव्हा काय होतं? कॉलेजचं ओळखपत्र आणि रिकाम्या संध्याकाळी.

बाबा, तुम्ही सांगायचात, पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागायचा आणि लोक तेवढ्या वेळात बाहेर जाऊन शेंगा घेऊन यायचे. तुम्ही मात्र खुर्ची सोडायचा नाहीत. कुठल्याशा धरणाचं काम, कुठला पूर, कुठले विणकर, सगळं तिथेच पहिल्यांदा पाहिलंत म्हणायचात. गेल्या हिवाळ्यात इथल्या मोठ्या सभागृहात बसले होते, सुमारे चौदाशे खुर्च्यांचं आहे ते, आणि एकही रिकामी नव्हती. शेजारी आईच्या वयाच्या एक बाई. त्यांच्या मांडीवर कार्यक्रमाची पुस्तिका, पेन्सिलीने खुणा केलेली, डब्यात घरचा केक. एका खेळात पाच-सहा लघुपट, एक संपला की दिवे न लावता दुसरा. बाई प्रत्येकानंतर पुस्तिकेत काहीतरी टिपायच्या. बाहेर बर्फ पडत होता आणि पुढच्या खेळाची रांग कोपऱ्यावरून वळली होती. मला तुमची फार आठवण आली. तुम्ही असता तर त्या बाईंशी भाषा येत नसतानाही तुमचं जमलं असतं.

तुम्हाला हेही ठाऊक आहे की काकांचा धाकटा आणि त्याचे कॉलेजातले मित्र पुढच्या हिवाळ्यात सांगलीत तीन दिवस लघुपट दाखवायचं म्हणताहेत. पोरं हुशार आहेत, चित्रपटही चांगले करतात. पण आलेल्या ढिगातून निवडायचं कसं, कुठल्यानंतर कुठला लावायचा, एका जड विषयाच्या मागोमाग दुसरा जड आला की प्रेक्षक उठून जातो, वेळ कशी सांभाळायची, बाहेरून येणाऱ्या मुलांना कुठे उतरवायचं, हे त्यांनी कुठे पाहिलंय? सेन्सॉरचं प्रमाणपत्र तरी हवं नाहीतर माहिती-प्रसारण मंत्रालयाची सूट, एवढंसुद्धा त्यांना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. वाचून हे येत नाही. मी दारावर उभी राहीन, पाहुण्यांच्या टेबलावर बसेन, मतपत्रिका मोजायला देतील तर मोजीन, आणि सगळं वहीत उतरवून तुमच्याकडे घेऊन येईन. एक वर्ष थांबून केलं असतं तर चाललं असतं, असं आई म्हणेल. आई, ही मुलं पुढच्या वर्षी शेवटच्या वर्षाला असतील. त्यानंतर कुणी पुण्यात असेल, कुणी बंगळुरूला. मग कुणाला घेऊन करायचं?

आणि सांगलीत का नाही व्हायचं? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे राजे चिंतामणराव यांच्यापुढे पहिलं नाटक केलं तेव्हा ते पंचविशीच्या आसपासचे होते, हे बाबा तुम्हीच मला पाठ करून घेतलंय. दर पाच नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी. नाट्यपंढरी म्हणून नुसतं पाटीवर लिहून ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी. या गावात अंधारात गप्प बसून समोरचं पाहणारा माणूस आहे. त्याला काही नवं दाखवलं की तो येतो, हे तुम्ही राज्य नाट्य स्पर्धेच्या इतक्या वर्षांत पाहिलंय.

आई, मी जन्मले त्या रात्री बाबा भावे नाट्यमंदिरात लाइटच्या पेटीपाशी होते. प्रयोग संपवून आले तेव्हा हाताला अजून इन्सुलेशन टेप चिकटलेली होती. तू हे माझ्या प्रत्येक वाढदिवसाला सांगतेस आणि एकदाही रागाने सांगितलेलं नाहीस. मला वाटतं, माझं जे चाललंय ते तुम्हा दोघांना कळेल, इतरांना कळेल न कळेल. (बाबा, ही तक्रार नाही हं. मला ती गोष्ट आवडते.) मी विंगेत जाजमावर झोपायची, मध्यंतरात आई भडंगाचा डबा उघडायची, आणि रात्री तुम्ही मला लुनावर पुढे उभी करून आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला आणायचात. गार वाऱ्याने डोळ्यांना पाणी यायचं म्हणून मी तुमच्या हातावर तोंड टेकायची आणि तुम्ही म्हणायचात, "आलंच घर, आलंच." अजून विमान उतरताना मला तेच ऐकू येतं.

आता ऑपरेशनचं. मी डॉक्टरांशी बोलले आहे. फेकोचं, म्हणजे मोतीबिंदू बारीक छेदातून काढायचं ऑपरेशन, पंधरा-वीस मिनिटांचं, थेंब घालून डोळा बधिर करतात, त्याच दिवशी घरी सोडतात. मी आले असते तरी बाहेर बाकड्यावरच बसले असते, तिथे मामा बसेल. मिरजेला त्याच्याच गाडीने जायचं, रिक्षा नाही. दादा दोन दिवस येतोय. मामी आठ दिवस राहायला येतेय, तिला मीच विचारलं, ती आनंदाने हो म्हणाली. आईने तिच्यासाठी नवं काही करत बसू नये. दुपारचा डबा शेजारच्या काकूंकडून येईल, पैसे मी दिलेत, तो विषय बंद. खालच्या खोलीत पलंग हलवून घ्यायला मामाला सांगितलंय, म्हणजे बाबांना जिना नको. गीझरवाला मंगळवारी येईल. तो आला नाही तर मला कळवा, मी त्याला इथून फोन करते.

थेंबांचं मात्र माझं ऐकायचं. दर वेळी साबणाने हात धुऊन, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता, दोन औषधांत पाच मिनिटं सोडून. दिवसातून किती वेळा ते दर आठवड्याला बदलतं, म्हणून मी मोठ्या अक्षरात तक्ता करून दादाकडे पाठवलाय, तो फ्रिजवर लावायचा आणि थेंब घातला की खूण करायची. रात्री डोळ्यावरची ढाल काढायची नाही. डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच. वाकून बूट घालायचे नाहीत, पाण्याची बादली उचलायची नाही, आणि बाबा, माळ्यावरची जुनी नेपथ्याची पेटी आवरायचा मुहूर्त त्या दिवसांत काढायचा नाही. डोळा दुखला, लाल झाला किंवा अंधूक दिसायला लागलं तर सकाळची वाट न बघता निघायचं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरासारखं "आम्ही ठीक आहोत" एवढंच मला सांगायचं नाही. पाणी कितव्या पायरीला होतं ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं होतं. तुम्ही माझ्या काळजीनेच लपवलंत, मला माहीत आहे, पण दूर असलेल्या माणसाला खरं कळलं की उलट झोप लागते.

रोज तुमच्या रात्री नऊला फोन करीन, तेव्हा इथे दुपारचे साडेचार असतात. महोत्सवाच्या दिवसांतही ती वेळ मी मोकळी मागून घेतलीय. बाबांना पहिल्या दिवशी टीव्ही बघायचा असेल तर डॉक्टरांना विचारून थोडा बघू दे, नाहीतर ते चिडचिड करतील.

आल्यावर वही घेऊन तुमच्यापाशीच बसणार आहे. पोरांना दिव्यांचं आणि पडद्याचं तुम्ही सांगायचंय, ते काकांच्या धाकट्याला मी आधीच कबूल केलंय. आईने कुणाला किती चहा लागेल याचा हिशेब आत्तापासून करू नये.

दोघांना नमस्कार. काळजी घ्या.

तुमची,
बबडी

ता. क. : आई, हे फक्त तुला. बाबांच्या गडबडीत तुझी तीन महिन्यांची साखर तपासायची राहून जाईल. मामा मिरजेला जाणारच आहे, त्याच फेरीत रक्त देऊन ये. रिपोर्टचा फोटो मला पाठव, दादाला नको. तो "ठीक आहे" म्हणून सोडून देतो.