संभाव्यतेत आधी छेद बघा

महोदय,

दहावीच्या गणित भाग १ मधले पाचवे प्रकरण संभाव्यतेचे. शाळांमध्ये ते हमखास गुणांचे मानले जाते. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींची यादी, लिहा, अनुकूल निष्पत्ती मोजा, भागाकार करा, झाले. मुलांना गुण मिळतात याबद्दल तक्रार नाही. पण या पद्धतीत भागाकाराच्या वर काय लिहायचे एवढ्याचाच सराव होतो. खाली काय लिहायचे ते प्रश्नपत्रिकाच सांगून टाकते. फासा म्हटले की ६, दोन फासे म्हटले की ३६, पत्त्यांचा कॅट म्हटला की ५२. व्यवहारात छेद असा कुणी आयता हातात देत नाही आणि संभाव्यतेतल्या बहुतेक चुका नेमक्या तिथे होतात. 'सशर्त संभाव्यता' असे भारदस्त नाव दिले तरी तिचे काम एवढेच, की काही माहिती हाती आली की छेद बदलायचा. आज ती अकरावीला गणित घेणाऱ्यांच्याच वाट्याला येते. दहावीत ती एकही सूत्र न देता शिकवता येते, म्हणून हे पत्र.

आधी सूत्राच्या पोटातली अट. सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची शक्यता सारखीच असलेल्या, असतील तरच मोजून भागायचे. पुस्तकात ही अट आहे, फळ्यावरही येते, पण उदाहरण सोडवताना तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. दोन नाणी फेकली तर छापे शून्य, एक किंवा दोन पडतील. तीन शक्यता, म्हणून प्रत्येकीची संभाव्यता १/३, असे उत्तर दर वर्षी कोणी ना कोणी देतेच. अशा मुलाला हसू नये. फ्रान्सचा मोठा गणिती दालांबेर याने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातल्या नोंदीत जवळपास हेच केले होते. दोन फेकींत निदान एक छापा पडण्याची संभाव्यता किती? त्याचे म्हणणे, पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसऱ्या फेकीची गरजच नाही. मग निष्पत्ती तीनच उरतात: छापा, काटा-छापा, काटा-काटा. तिघांपैकी दोन अनुकूल, म्हणून २/३. खरे उत्तर ३/४ आहे. त्याच्या तीन निष्पत्ती मोजायला बरोबर होत्या, पण सारख्या वजनाच्या नव्हत्या. पहिलीचे वजन १/२, उरलेल्या दोघींचे प्रत्येकी १/४.

वर्गात यावर उपाय सोपा आहे. दोन सारखी नाणी घेऊच नयेत. एक रुपयाचे आणि एक पाच रुपयांचे घ्यावे, वहीत दोघांचे दोन स्तंभ आखावेत आणि प्रत्येक फेक त्या त्या स्तंभात लिहावी. रुपयावर छापा आणि पाचावर काटा ही एक निष्पत्ती, उलट झाली की दुसरी, हे मग समजावून सांगावे लागत नाही. (छा-छा, छा-का, का-छा, का-का असे लिहिले की शेवटच्यापाशी वर्ग हसतो. हसू द्यावे, यादी पाठ होते.) 'पास होईन किंवा नापास, म्हणजे निम्मी-निम्मी' हीसुद्धा तीच चूक, फक्त तिथे नाणी नाहीत.

आता छेद बदलण्याकडे येऊ. दहावीच्या धर्तीचेच उदाहरण घ्या. तीन मुलगे आणि दोन मुली यांतून दोघांची समिती निवडायची आहे. मुलगे अमेय, बाबू, चिन्मय. मुली रेवा आणि सायली. जोड्या दहा होतात: मुलग्या-मुलग्यांच्या ३, मुलगा-मुलगी अशा ६, आणि रेवा-सायली ही १. दोन्ही मुली असण्याची संभाव्यता १/१०, इथवर सगळे ठीक. आता विचारा, 'समितीत निदान एक मुलगी आहे हे कळले, तर दोन्ही मुली असण्याची संभाव्यता किती?' बहुतेक जण म्हणतात, एक मुलगी तर झाली, उरल्या चौघांत मुलगी एकच, म्हणून १/४. वाटते पटण्यासारखे, पण ते चूक आहे. दहा जोड्यांची यादी समोर ठेवा आणि बातमीशी न जुळणाऱ्या जोड्यांवर काट मारा. मुलग्या-मुलग्यांच्या ३ जातात, उरतात ७. त्यांत दोन्ही मुलींची जोडी एक. उत्तर १/७.

मग १/४ हे उत्तर कुठून आले? ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे. 'समितीत सायली आहे' असे कळले असते तर सायली असलेल्या चारच जोड्या उरल्या असत्या आणि त्यांतली एक रेवाची. तेव्हा १/४ बरोबर. 'निदान एक मुलगी' आणि 'सायली' या दोन बातम्या कानाला सारख्याच वाटतात, पण एक ३ जोड्या खोडते आणि दुसरी ६. या उदाहरणावर एक आख्खी तासिका गेली तरी चालेल. सूत्र आधी दिले की मुले ही खाडाखोड करत नाहीत, आणि खाडाखोड हाच खरा धडा आहे.

दिशेची गफलत पत्त्यांनी दाखवावी. ५२ पानांत चित्रपाने १२, राजे ४. ओढलेले पान चित्रपान आहे हे कळल्यावर ते राजा असण्याची संभाव्यता ४/१२, म्हणजे १/३. उलट, पान राजा आहे हे कळल्यावर ते चित्रपान असण्याची संभाव्यता १. एकच पान, त्याच दोन गोष्टी, आणि उत्तरे १/३ व १. जोपर्यंत विषय पत्त्यांचा आहे तोपर्यंत यात कुणी फसत नाही. रोग, गुन्हा, अपघात हे शब्द आले की भलेभले फसतात.

गुणाकाराचा नियमही असाच सैल हाताने वापरला जातो. दोन्ही घटना घडण्याची संभाव्यता काढताना सरळ गुणायचे, तर त्या स्वतंत्र हव्यात. म्हणजे एक घडल्याची बातमी मिळाली तरी दुसरीची संभाव्यता बदलायला नको. कॅटातून एक्का काढून परत न ठेवता पुन्हा एक्का ओढायचा तर ४/५२ ला ३/५१ ने गुणावे लागते, उत्तर १/२२१; परत ठेवून, नीट पिसून ओढला तर १/१६९. स्वतंत्र आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नये, मोजावे. दोन फाशांची बेरीज ७ येण्याची संभाव्यता ६/३६, म्हणजे १/६. पहिल्या फाशावर ४ पडले हे कळले तरी ती १/६ च राहते. म्हणून या दोन घटना स्वतंत्र. बेरीज ८ घ्या. आधी ५/३६, पहिल्यावर ४ पडल्यावर मात्र १/६, म्हणजे ६/३६. स्वातंत्र्य गेले. कारण पहिल्या फाशाची एकेक ओळ धरून आखलेल्या तक्त्यात दिसते: ७ ही बेरीज सहाही ओळींत एकेकदा येते, ८ मात्र १ च्या ओळीत येतच नाही. छत्तीस चौकटींचा तक्ता वर्गात कायमचा लावून ठेवावा असे आमचे मत आहे.

न तपासता गुणण्याची किंमत काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमधले आहे. सॅली क्लार्क यांची दोन तान्ही मुले दगावली आणि १९९९ मध्ये त्यांना खुनी ठरवण्यात आले. खटल्यात एका नामवंत बालरोगतज्ज्ञांनी सांगितले, की अशा सुस्थितीतल्या घरात बाळ अचानक दगावण्याची संभाव्यता ८,५४३ त १, म्हणून दोन्ही बाळे तशी दगावण्याची संभाव्यता तिचा वर्ग, म्हणजे सुमारे ७.३ कोटींत १. यात दोन चुका एकावर एक बसल्या आहेत. एकाच घरातली, एकाच आईवडिलांची बाळे. त्यांचे मृत्यू स्वतंत्र घटना कशा धरायच्या? आणि समजा तो आकडा बरोबर असता, तरी तो 'आई निर्दोष असेल तर असे घडण्याची' संभाव्यता सांगतो. न्यायालयाला हवी होती 'असे घडले आहे, तर आई निर्दोष असण्याची'. राजा आणि चित्रपानाचीच ही अदलाबदल. दोन बाळांचा खून करणारी आईसुद्धा अतिशय विरळा. तुलना त्या विरळ्याशी करायला हवी होती. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. त्यात बचावपक्षाला न दाखवलेल्या वैद्यकीय चाचण्यांचाही भाग होता.

घरोघर माहीत असलेले उदाहरण कोविडच्या अँटिजेन चाचणीचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२० मध्ये दिलेल्या सूचनेनुसार ते किट बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्के लोकांना पकडत होते, आणि बाधा नसलेल्यांपैकी ९९.३ ते १०० टक्के लोकांना बरोबर 'नाही' म्हणत होते. मधले आकडे घेऊ, ७० आणि ९९.५. दशांश अपूर्णांकांनी सुरुवात करू नये, माणसांनी करावी. १०,००० माणसे घ्या आणि आधी बाधित व बाधा नसलेले, मग प्रत्येकात पॉझिटिव्ह व निगेटिव्ह, अशा फांद्या पाडून वृक्षाकृती काढा. १०० घेतली तर अर्धा माणूस, पाव माणूस निघू लागतो आणि मुले गोंधळतात. सर्वांत बारीक फांदीवर पूर्ण माणसे येतील एवढी मोठी संख्या घ्यावी.

समजा ताप-खोकला असलेल्यांची रांग आहे आणि त्यांतले ३० टक्के बाधित आहेत. बाधित ३,०००, त्यांतले २,१०० पॉझिटिव्ह, ९०० निसटले. बाधा नसलेले ७,०००; त्यांतले ३५ चुकून पॉझिटिव्ह, ६,९६५ निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आलेल्या २,१३५ जणांपैकी खरे बाधित २,१००, म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त. निगेटिव्ह आलेले ७,८६५, त्यांत बाधित ९००. जवळपास नवांमागे एक. पॉझिटिव्ह आला तर मानायचे, लक्षणे असून निगेटिव्ह आला तर पुन्हा आरटीपीसीआर करायचे, हा त्या वेळचा नियम लोकांना पक्षपाती वाटत होता. तो या आकड्यांतून सरळ निघतो.

आता तेच किट, पण रांगेत सगळे ठणठणीत, आणि १०,००० मध्ये बाधित फक्त २०. त्यांतले १४ पकडले जातात. उरलेल्या ९,९८० चा अर्धा टक्का म्हणजे सुमारे ५० जण चुकून पॉझिटिव्ह. एकूण ६४ पॉझिटिव्ह, त्यांत खरे १४. बावीस टक्के! किट बदललेले नाही, रांग बदलली. 'चाचणी ९९.५ टक्के अचूक, म्हणजे पॉझिटिव्ह आलेला ९९.५ टक्के बाधित' असे म्हणणाऱ्याने पॉझिटिव्ह आलेल्यांच्या छेदाच्या जागी बाधा नसलेल्यांचा छेद ठेवलेला असतो. बेझचा प्रमेय, म्हणजे अशी उलट दिशेची संभाव्यता काढण्याचा नियम, यापेक्षा वेगळे काही सांगत नाही. अकरावीत तो सूत्र म्हणून भेटण्याआधी दहावीत असा मोजून भेटला, तर त्याची धास्ती राहणार नाही.

पहिलीपासून नवी पुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत, दहावीची पाळी येईल. तेव्हा सशर्त संभाव्यतेचे वेगळे प्रकरण घालू नये. आहे त्याच प्रकरणात तीन तासिका पुरतील. एक समितीच्या यादीला, एक छत्तीस चौकटींना, एक १०,००० माणसांच्या वृक्षाकृतीला. परीक्षेत मात्र प्रश्नाची घडण बदलायला हवी. एकच नमुना अवकाश देऊन त्यावर दोन वेगळ्या बातम्या द्याव्यात आणि दोन्ही उत्तरे का वेगळी आली ते एका वाक्यात लिहायला सांगावे. त्या वाक्याला गुण असल्याशिवाय वर्गात ते कुणी लिहून घेणार नाही, हे आपण सगळे जाणतो.

आणि एक विनंती वर्तमानपत्रांनाही. हवामान खाते एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा अंदाज देते तेव्हा '१०५ टक्के' यासारखा आकडा दीर्घकालीन सरासरीच्या, म्हणजे जून ते सप्टेंबरच्या देशभरातल्या ८७ सेंटिमीटरच्या, तुलनेत असतो. पुष्कळ वाचक तो पावसाची शक्यता म्हणून वाचतात. शक्यता कधी शंभराच्या वर जात नाही. त्या अंदाजात सामान्य, अधिक, कमी अशा गटांच्या संभाव्यता वेगळ्या दिलेल्या असतात, त्याही छापाव्यात. तसेच अपघातांचे. समजा, दगावलेल्या दुचाकीस्वारांपैकी ८० टक्के विनाहेल्मेट होते. मुळात रस्त्यावरचेच ८० टक्के स्वार विनाहेल्मेट असतील, तर या एका आकड्यावरून हेल्मेटच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच म्हणता येत नाही. हेल्मेटचा उपयोग होतो, हे सिद्ध करायला रस्त्यावरचा आकडा लागतो, आणि तो अपघाताच्या नोंदीत सापडत नाही, मोजावा लागतो. नववीच्या मुलांचा एक गट शिक्षकांसोबत शाळेजवळच्या चौकात, पदपथावर, अर्धा तास उभा राहिला तर दोन रकान्यांत तो सहज मोजून आणील.

— माध्यमिक शाळांतील काही गणित शिक्षक, सातारा