संगणक बदलला आणि महाजनांची नोंदवही अडकली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडायला लागल्या की गोव्यातल्या आमच्या डिचोली-सत्तरी भागात संगणक जळण्याचे प्रकार दरवर्षी होतात. नवा संगणक येतो, पेनड्राइव्हवरची जुनी फाइल त्यात टाकली जाते आणि मग कुठल्या तरी देवस्थानातून, पतसंस्थेतून किंवा वाचनालयातून मला फोन येतो, 'पासवर्ड घेत नाही.' अशा लहान संस्थांचे संगणक मी सांभाळते. पासवर्ड बहुतेक वेळा बरोबर असतो, बिघाड भलतीकडेच असतो आणि त्यापायी माणसे एकमेकांवर संशय घेतात. म्हणून हे पत्र.

या संस्थांच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅमच्या 2000 किंवा 2003 च्या आवृत्तीत केलेल्या आहेत. माहिती असते एमडीबी फाइलमध्ये. पण कोण वापरकर्ता, त्याचा पासवर्ड काय, तो कोणत्या गटात, हे सगळे एमडीडब्ल्यू नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. कार्यालयात कुणालाही विचारा, या दुसऱ्या फाइलचे नावही त्यांनी ऐकलेले नसते. 2003 च्या आवृत्तीत ती एरवी वापरकर्त्याच्या लपलेल्या 'ॲप्लिकेशन डेटा' फोल्डरमध्ये पडून असते. बॅकअप घेणारा 'माय डॉक्युमेंट्स' उचलतो आणि ही फाइल मागेच राहते.

एका देवस्थानात महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांची यादी, वर्गणी आणि पावणीचा (लिलावाचा) हिशेब अशाच फाइलमध्ये होता. नव्या संगणकावर ती उघडेना. समिती नुकतीच बदललेली, त्यामुळे जुन्या खजिनदारांनी मुद्दाम पासवर्ड बदलला असे बैठकीत उघड बोलले गेले. मी समितीच्या मुखत्यारांना फोनवर एवढेच विचारले, 'नाव आणि पासवर्ड मागणारी चौकट येते का?' ते म्हणाले, 'चौकट येतच नाही, थेट परवानगी नसल्याचा संदेश येतो.' म्हणजे पासवर्डचा प्रश्नच नव्हता. नव्या संगणकावर ॲक्सेसने स्वतःची कोरी सिस्टम डॉट एमडीडब्ल्यू वापरली होती. तिच्यात 'ॲडमिन' हा वापरकर्ता बिनपासवर्डचा असतो. ॲक्सेस न विचारता त्याच नावाने आत शिरते आणि देवस्थानाच्या फाइलमध्ये त्याला काहीच अधिकार नसल्याने दारातच अडते.

जुना संगणक अदलाबदलीत दुकानदाराकडे गेला होता. मदरबोर्ड जळला होता, पण हार्ड डिस्क शाबूत होती. ती यूएसबीच्या डबीत घालून जोडली, लपलेले फोल्डर दिसतील असे केले आणि एमडीडब्ल्यूचा शोध लावला. फाइल मिळाली. मग डेस्कटॉपवर शॉर्टकट केला. त्यात ॲक्सेसचा मार्ग, मग एमडीबीचा मार्ग, मग कोणती एमडीडब्ल्यू वापरायची हे सांगणारा 'डब्ल्यूआरकेजीआरपी' हा स्विच आणि शेवटी एमडीडब्ल्यूचा मार्ग. शॉर्टकटवर क्लिक करताच चौकट आली आणि जुन्या खजिनदारांनी लिहून दिलेला पासवर्ड जसाच्या तसा चालला. त्या गृहस्थांना बैठकीत जे ऐकून घ्यावे लागले त्याची भरपाई कशी व्हायची?

चौकट येऊनही नाव किंवा पासवर्ड अवैध असल्याचे सांगितले गेले, तर आधी कॅप्स लॉक पाहावा, कारण पासवर्डमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. तरी जमले नाही तर दुसऱ्याच संस्थेची एमडीडब्ल्यू जोडली गेली आहे का ते तपासावे. आत जाता येते पण एकावेळी एकालाच काम करता येते, अशी तक्रार असेल तर वापरकर्त्यांच्या वाटेला जाऊ नये. एमडीबीच्या शेजारी ॲक्सेस एलडीबी फाइल तयार करते, तिच्यात सध्या कोण काम करतो आहे याची नोंद असते. तिच्यासाठी त्या फोल्डरमध्ये नवी फाइल करण्याचा आणि पुसण्याचा अधिकार विंडोजमध्ये सगळ्यांना लागतो.

याच्या उलट प्रकार मला जास्त काळजीचा वाटतो. एका पतसंस्थेची सभासदांची फाइल मी माझ्या लॅपटॉपवर नेली आणि ती काहीही न विचारता उघडली, सगळी खाती समोर! 'ॲडमिन' हा वापरकर्ता आणि 'युजर्स' हा गट जगातल्या प्रत्येक एमडीडब्ल्यूमध्ये एकच असतात. फाइलची मालकी ॲडमिनकडेच ठेवली किंवा युजर्स गटाचे अधिकार काढले नाहीत, तर ते कुलूप फक्त कार्यालयातल्या संगणकापुरते. शिवाय ॲक्सेसमध्ये हे कुलूप घालून देणारा सुरक्षा विझार्ड काम संपवताना बिनकुलपाची एक प्रत बीएके नावाने ठेवून जातो. तीही तिथेच शेजारी पडलेली होती.

मूळ एमडीडब्ल्यू कायमची हरवली तरी ती पुन्हा तयार करता येते. त्यासाठी ती करताना दिलेले नाव, संस्थेचे नाव आणि वर्कग्रुप आयडी अक्षरन् अक्षर तेच लागतात, आणि प्रत्येक वापरकर्त्याचे व गटाचे नाव आणि 4 ते 20 अक्षरांचा वैयक्तिक आयडीही. विझार्ड ही माहिती अहवालात देतो. तो छापून ठेवलेला मी क्वचितच पाहिला. प्रोग्रॅम करून देणारा मुलगा तोवर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेला असतो. मग कुणीतरी सभासदांचे पत्ते, फोन आणि खाती असलेली आख्खी फाइल पासवर्ड काढून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर चढवतो. कृपया असे कुणी करू नका.

मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये आणलेल्या एसीसीडीबी या नव्या प्रकारच्या फाइलमधून वापरकर्ते आणि गटांची ही पद्धत काढूनच टाकली, आणि 2003 च्या आवृत्तीला कंपनीचे साहाय्य एप्रिल 2014 मध्ये संपले. तेव्हा ज्यांना आज आत जाता येते त्यांनी पूर्ण अधिकार असलेल्या नावाने जाऊन माहिती नव्या फाइलमध्ये आणावी आणि कुणी काय पाहायचे ते विंडोजच्या फोल्डर-अधिकारांवर ठरवावे. पैशांचे व्यवहार असलेल्या संस्थांनी सर्व्हरवरच्या डेटाबेसकडेच जावे.

तोवर देवस्थानांवर देखरेख ठेवणारे मामलेदार आणि सहकार निबंधक यांना माझी विनंती आहे. समिती बदलताना ताब्याच्या यादीत दागिने, पासबुके, इतिवृत्त असते, तिथे एमडीडब्ल्यू फाइलची प्रत आणि विझार्डचा छापील अहवाल यांचीही नोंद व्हावी, खाली जुन्या आणि नव्या दोन्ही सचिवांच्या सह्या घ्याव्यात आणि तो अहवाल पाकिटात मोहरबंद करून तिजोरीत ठेवावा. यंदा ज्यांनी संगणक बदलला आहे त्यांनी जुन्याची हार्ड डिस्क दुकानदाराकडून आधी परत मागून घ्यावी.

– एक वाचक, डिचोली